हाक देवाची, भार घराचा

आमचे गाव नातेपुते. ज्ञानेश्वर माउलींची पालखी फलटण, बरड करीत धर्मपुरीपाशी सोलापूर जिल्ह्यात शिरते आणि जिल्ह्यातला तिचा पहिला मुक्काम आमच्या गावात पडतो. त्या एका रात्री गाव गाव राहत नाही. ज्याच्या दारात ओटा आहे त्याच्या ओट्यावर वारकरी, ज्याच्या मागे परडे आहे त्याच्या परड्यात तंबू, आणि प्रत्येक चुलीवर पिठले. सकाळी पालखी माळशिरसच्या वाटेला लागली की मागे उरतात विझलेल्या चुलींचे दगड आणि जागरणाने लाल झालेले गावकऱ्यांचे डोळे.

माझे आजोबा माळकरी. माउली गावात आल्या की त्यांच्या अंगात वेगळेच वारे शिरायचे. रात्रभर कीर्तनात आणि पहाटे खांद्यावर पडशी टाकून ते दिंडीत सामील. पौर्णिमेचा काला झाल्याशिवाय घरी यायचे नाहीत. हे दिवस कोणते, ते शेतकरी वाचकांना सांगायला नको. मृगाचा पाऊस चुकतमाकत पडून गेलेला, वाफसा आलेला, बाजरीची पेरणी तोंडावर. कुणी हटकले तर आजोबा सांगायचे की आपण जात नाही, पांडुरंग नेतो; त्याने बोलावले की आपली इच्छा चालत नाही. आजी यावर काही बोलायची नाही. दिंडीला भाकरी घालून झाली की ती ओटीत बियाणे घ्यायची आणि सालगड्याच्या पाभरीमागे चाडे धरून चालायला लागायची. पांडुरंगाची इच्छा आजोबांना कळत होती आणि तिची किंमत आजी मोजत होती, हे तेव्हा माझ्या ध्यानात आले नाही. ते ध्यानात आले एका पुस्तकामुळे.

मॅट्रिकच्या सुट्टीत ‘स्मृतिचित्रे’ हाती पडले. लक्ष्मीबाई टिळकांचे हे आत्मचरित्र ज्यांनी वाचले त्यांना त्याची गोडी सांगायला नको, आणि ज्यांनी वाचले नाही त्यांना सांगून ती कळायची नाही. त्या वयात मी ते हसून हसून वाचले. पुढे चाळिशीत वाचले तेव्हा तितकेसे हसू आले नाही. आता सत्तरी ओलांडल्यावर पुन्हा काढले आणि मनात राहिले ते लक्ष्मीबाईंचे यजमान, रेव्हरंड नारायण वामन टिळक. लोकमान्यांशी त्यांची गल्लत करू नये. एकाच आडनावाची, एकाच काळातली ही दोन माणसे. एकाने देशाची हाक ऐकली. दुसऱ्याने देवाची ऐकली, आणि देशावरचे प्रेमही सोडले नाही. या दुसऱ्या टिळकांना देव नेमके काय सांगत होता, ते त्यांना कसे कळले आणि ऐकल्यावर त्यांनी काय केले, एवढेच आज सांगायचे आहे.

टिळकांचा जन्म ६ डिसेंबर १८६१ चा, रत्नागिरी जिल्ह्यातल्या करजगावचा. वडील सरकारी नोकरीत, स्वभावाने कडक. आई जानकीबाई भाविक, मायाळू; मुलाला कवितेचा नाद लागला तो तिच्यापासून. ती लवकर गेली आणि मुलाचा घरातला जीवच गेला. तो घर सोडून निघाला आणि नाशकाला येऊन पोचला. गणेशशास्त्री लेले यांच्याकडे संस्कृत शिकला, थोडी इंग्रजी शिकला, वारावर जेवला. १८८० मध्ये त्याचे लग्न झाले तेव्हा तो अठरा-एकोणीस वर्षांचा आणि जलालपूरच्या गोखल्यांची मनकर्णिका अकरा-बारा वर्षांची. सासरी ती लक्ष्मी झाली.

मग सुरू झाले एक अखंड भटकणे. आज या गावी मास्तरकी, उद्या त्या गावी पुराणकथन, परवा कुणा श्रीमंताकडे संस्कृत पोथ्या तपासण्याचे काम. वणी, मुरबाड, नागपूर, राजनांदगाव अशी बिऱ्हाडे होत गेली. नागपूरला आप्पासाहेब बुटींच्या आश्रयाला असताना चार दिवस बरे गेले. टिळक शीघ्रकवी होते, वक्ते होते, संतापी होते आणि हाताने फार सैल होते. घरात मीठ-मिरची आणायला दिलेले पैसे वाटेत भेटलेल्या गरजवंताला देऊन यावेत किंवा भलतीच देखणी वस्तू घेऊन घरी यावे, हा त्यांचा नित्याचा खाक्या. बायकोला न सांगता उठून परगावी जाणे हेही नवे नव्हते. लक्ष्मीबाईंनी हे सगळे इतक्या मिस्किलपणे सांगितले आहे की त्यामागची उपासमार वाचकाच्या लक्षात येत नाही. पहिली मुले हाती लागली नाहीत. जगला तो दत्तू, पुढे देवदत्त टिळक म्हणून ओळखला गेलेला.

या भटकण्याच्या पोटात आणखी एक भटकणे होते. टिळकांना धर्म हवा होता. होता तो पुरेना. जातीभेदाने त्यांचे मन विटले होते. देश असा का पडला, याचे उत्तर त्यांना धर्मात सापडत होते. ‘ऋषि’ नावाचे धर्मविषयक मासिक त्यांनी चालवले, शास्त्रार्थ केले, आणि शेवटी स्वतःपुरता एका नव्या धर्माचा आराखडा मनाशी तयार केला. सर्वांचा एकच पिता असलेला देव, माणसे परस्परांची भावंडे, जन्मावरून कुणी उंच-नीच नाही, धर्मग्रंथ माणसांनी लिहिलेले म्हणून तपासून घ्यायचे. असा धर्म कुठे आहे का, हे त्यांना ठाऊक नव्हते. मला ही गोष्ट फार महत्त्वाची वाटते. हाक येण्याच्या आधी कान तयार होतो. टिळकांचा कान तयार व्हायला दहा-बारा वर्षे लागली होती.

१८९३ मध्ये नागपूरहून राजनांदगावला जाताना आगगाडीच्या डब्यात एक गोरा प्रवासी भेटला. त्या काळात गोरा माणूस डब्यात असला की नेटिवाने अंग चोरून बसावे, हा रिवाज. या गृहस्थाने सरकून जागा दिली. बोलणे निघाले ते संस्कृत काव्यावरून, आणि तिथून धर्मावर गेले. उतरण्यापूर्वी त्याने टिळकांना नव्या कराराची प्रत दिली आणि सांगितले की देव तुम्हाला बोलावतो आहे, हे पुस्तक मन लावून वाचाल तर दोन वर्षांच्या आत ख्रिस्ती व्हाल. टिळकांना हे बोलणे हास्यास्पद वाटले. तरी वाचण्याचे वचन त्यांनी दिले आणि दिलेले वचन पाळायचे म्हणून पेन्सिल घेऊन खुणा करीत ते वाचायला बसले. हा प्रवासी कोण, हे पुढे बऱ्याच वर्षांनी उमगले. तो अर्नेस्ट वॉर्ड नावाचा अमेरिकन मिशनरी होता.

टिळक मत्तयाच्या शुभवर्तमानातल्या डोंगरावरच्या प्रवचनापाशी पोचले आणि तिथेच अडकले. ते तीन अध्याय त्यांना सोडवेनात. आपण मनाशी जुळवलेला आराखडा कुणीतरी अठराशे वर्षांपूर्वी जगून दाखवला आहे, असे त्यांना वाटले. पुढे खुलासे हवेत म्हणून मिशनच्या एका वृत्तपत्राशी त्यांनी नाव न देता पत्रव्यवहार चालू केला. तिकडून मुंबईचे जस्टिन ॲबट यांनी तो नेटाने पुढे नेला. हेच ॲबट उतारवयात अमेरिकेत बसून आपल्या संतकवींची इंग्रजी भाषांतरे करीत राहिले. कोण कुणाला काय देऊन गेले, याचा हिशेब मांडायला बसले तर असा गुंता होतो.

वाचून पटले, तरी पाऊल उचलेना. पाऊल उचलले तर नोकरी जाणार, जात जाणार, स्नेही जाणार, आणि बायको-मूल राहील की नाही याचा भरवसा नाही. आपल्याला स्वप्नात याच्यामागे जा असे सांगितले गेले, असे टिळकांनी पुढे नमूद केले आहे. मला स्वतःला स्वप्नाचे फारसे अप्रूप वाटत नाही. स्वप्ने आपल्याच मनाचे बोलणे बोलतात. मला जास्त विश्वासार्ह वाटते ते हे, की जे ऐकू येत होते ते त्यांच्या सोयीचे नव्हते.

या विषयावर ख्रिस्ती लोकांनी दोन हजार वर्षे विचार केलेला आहे. येशूने शिकवलेल्या प्रार्थनेतच बापाच्या इच्छेप्रमाणे होवो अशी मागणी आहे, आणि वधस्तंभाच्या आदल्या रात्री गेथशेमाने बागेत त्याने स्वतः केलेली प्रार्थनाही तीच. पण ही इच्छा ओळखायची कशी? जुन्या करारातला गिदोन रात्री उघड्यावर लोकर पसरून ठेवतो आणि दवाने ती भिजते की नाही यावरून देवाचा कौल घेतो. आपल्याकडे देवाच्या अंगावर कळ्या लावून कौल घेतात तसेच. योना हाक ऐकून उलट्या दिशेच्या गलबतात बसतो. सोळाव्या शतकातल्या इग्नेशियस लोयोलाची गोष्ट मला सगळ्यांत शहाणपणाची वाटते. १५२१ मध्ये लढाईत पाय मोडून हा सरदार अंथरुणाला खिळला. पराक्रमाची दिवास्वप्ने पाहिली की त्या वेळेपुरते बरे वाटायचे, मागून मन कोरडे पडायचे. संतांसारखे जगण्याचा विचार केला की समाधान मागेही टिकायचे. या फरकावरून त्याने देवाची हाक आणि स्वतःच्या मनाचा हट्ट यांची पारख करायला शिकवले. त्याचाच सोबती फ्रान्सिस झेवियर पुढे गोव्यात आला. बायबल, प्रार्थना, विवेक, जाणत्यांचा सल्ला आणि भोवतालची परिस्थिती या सगळ्यांचा कौल एका बाजूला पडतो का, हे पाहावे असे त्यांचे धर्मोपदेशक सांगत आले आहेत.

जाणत्यांचा सल्ला म्हणताना एक माणूस नेहमी गाळला जातो. तो घरातच असतो.

१० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत, भायखळ्याच्या अमेरिकन मिशनच्या देवळात टिळकांनी बाप्तिस्मा घेतला. आगगाडीतल्या त्या माणसाने सांगितलेली दोन वर्षे पुरी व्हायची होती. बाप्तिस्मा साहेबाच्या हातून न घेता तुकारामजी नथोजी या आपल्या माणसाच्या हातून घेतला. त्यात टिळकांचा सारा स्वभाव दिसतो. देव मिळाला म्हणून देश टाकायचा नव्हता.

आणि लक्ष्मीबाईंना काहीही सांगितलेले नव्हते.

त्या तेव्हा नातलगांत होत्या, सव्वीस वर्षांच्या, पदरात लहान दत्तू. बातमी आली तेव्हा घरात मर्तिक व्हावे तसे झाले. नवरा जिवंत, पण धर्माने मेलेला. कुंकू लावावे की पुसावे, अशी ही अवस्था. काही दिवस त्यांना स्वतःची शुद्ध नव्हती. नातलगांनी सांभाळले हे खरे, पण कुणाच्या तरी दारी कुणाच्या तरी उपकारावर राहणे त्यांच्या वाट्याला आले. ही ताटातूट साडेचार-पाच वर्षे चालली. त्यातला काही काळ त्या पंढरपुरात होत्या. आमच्या गावावरून जाणारी वाट जिथे संपते, तिथे विठ्ठलाच्या सावलीत ही बाई नवरा येतो की काय या धाकात आणि येत नाही की काय या धास्तीत दिवस काढत होती. दोन्ही भावना एकाच मनात असतात, हे त्यांनी न लपवता लिहून ठेवले आहे.

इथे माझे मत स्पष्ट सांगतो. टिळकांनी जे केले ते अंतःकरणाच्या सचोटीने केले, यात मला शंका नाही. पण बायकोला अंधारात ठेवण्याची आज्ञा देवाची नव्हती, ती टिळकांच्या जुन्या सवयीची होती. न सांगता घराबाहेर पडणारा माणूस देवाकडे जातानाही न सांगता गेला. हाक खरी असली तरी तिला ओ देणारा गळा आपलाच असतो आणि त्याला आपल्या सगळ्या खोडी चिकटलेल्या असतात. टिळकांनाही ते जाणवले असावे, कारण नंतरची सगळी वर्षे ते पत्रे लिहीत राहिले, भेटायला येत राहिले, अपमान गिळत राहिले. त्यांना दुसरे लग्न करणे अवघड नव्हते. त्यांनी केले नाही.

शेवटी लक्ष्मीबाई दत्तूला घेऊन अहमदनगरला आल्या. टिळक तिथे अमेरिकन मराठी मिशनच्या धर्मशाळेत शिकवीत होते. एका छपराखाली दोन संसार सुरू झाले. बाईंची चूल वेगळी, पाणी वेगळे, सोवळे वेगळे. टिळकांनी आपल्या धर्माची सक्ती केली नाही. एवढ्या उतावळ्या माणसाला हे जमले, हेच मला त्यांच्या ख्रिस्ती होण्याचे सगळ्यांत मोठे लक्षण वाटते.

लक्ष्मीबाईंचे सोवळे ही साधी गोष्ट नव्हती. १८५७ च्या धामधुमीत त्यांच्या आजोबांना, म्हणजे आईच्या वडिलांना, फाशी झाली. त्या धसक्याने त्यांच्या वडिलांना सोवळ्याचे वेड लागले ते कायमचे. बाजारातून आलेली जिन्नस धुवून घ्यायची, माणसे धुवून घ्यायची. सारे घर त्या पाण्यात गारठून गेलेले. या घरात वाढलेल्या मुलीला आता ख्रिस्त्यांच्या वस्तीत, ज्यांची सावली चुकवायची अशा लोकांच्या शेजारी राहायचे होते. ती भांडली, रुसली, आजारी पडली, शेजारणींशी गप्पाही मारू लागली. अशात एके दिवशी, कुणी उपदेश करीत नसताना, तिच्या मनात आपसूक उजाडले की ही जात माणसाने केली आहे, देवाने केलेली नाही. त्या क्षणापासून तिने कुणाच्याही हातचे पाणी घेतले. पुढे १९०० मध्ये तिने बाप्तिस्मा घेतला.

नवऱ्यामागे बायको गेली, असे याचे वर्णन करणारे पुष्कळ आहेत. मला ते मान्य नाही. नवऱ्यामागे जायचे असते तर ती १८९५ मध्येच गेली असती आणि पाच वर्षांचे हाल वाचले असते. तिने स्वतःला पटेपर्यंत थांबायचे ठरवले. नवऱ्याला आगगाडीत मिळाले ते तिला शेजारपाजारात मिळाले. त्याच्या हाकेला ग्रंथ, पत्रव्यवहार आणि स्वप्न लागले. तिला एक तांब्या पाणी पुरले. दोघांत कुणाची वाट अधिक खडतर हे ठरवायचे झाले, तर माझे मत बाईंच्या पारड्यात पडेल.

त्यानंतरची सतरा-अठरा वर्षे टिळकांच्या बहराची. छपन्नच्या दुष्काळातली अनाथ पोरे घरात आली आणि बाईंनी ती सांभाळली. कविता चालूच होती. कोवळ्या वयाचे बालकवी ठोमरे त्यांच्या घरी येऊन घरच्या मुलासारखे राहिले, त्यांचा काही काळ तरी पोटापाण्याचा घोर मिटला. १९१२ मध्ये टिळक ‘ज्ञानोदया’च्या मराठी विभागाचे संपादक झाले. पण वारकऱ्यांच्या मुलुखातल्या मला त्यांचे दुसरे काम अधिक जवळचे वाटते. त्या वेळच्या मराठी ख्रिस्ती देवळांत इंग्रजी गीतांची अवघडलेली भाषांतरे परक्या चालींवर म्हटली जात. टिळकांनी तिथे अभंग आणला, ओवी आणली, आपला साधा भक्तिभाव आणला. ख्रिस्ती कीर्तनाची रीत नगरला आधीपासून होती, तीत त्यांनी जीव ओतला. त्यांची गीते शेकड्यांनी आहेत आणि आजही रविवारी मराठी ख्रिस्ती उपासनेत ती म्हटली जातात. आपण ख्रिस्ताच्या पायापर्यंत आलो ते तुकोबांच्या पुलावरून, असे ते सांगत असत. ज्या वाटेवर आमचे गाव आहे, त्या वाटेचे ऋण मानणारा हा पाद्री होता.

म्हणून त्यांना एक खंत होती. ख्रिस्ती झालेला माणूस आपल्या माणसांत परका का होतो? मिशनच्या पगारावर, मिशनच्या आवारात, साहेबी वळणाने राहणारा उपदेशक गावच्या शेतकऱ्याला आपला कसा वाटणार? आपल्याकडे देवाच्या माणसाची खूण एकच. त्याच्याजवळ काही नसते आणि तो कुणाचा चाकर नसतो. वीस वर्षे चाकरी केल्यावर, वयाच्या पंचावन्नाव्या वर्षी, टिळकांना पुन्हा हाक ऐकू येऊ लागली. १९१७ मध्ये त्यांनी मिशनचा पगार सोडला, संन्यस्त वृत्तीने राहायचे ठरवले आणि साताऱ्याला बिऱ्हाड केले. तिथे ‘देवाचा दरबार’ उभारला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोन्ही तऱ्हेचे ख्रिस्ताचे शिष्य यात एकत्र बसावेत, ही त्यामागची कल्पना.

ती मिशनच्या लोकांना पूर्ण रुचली नाही आणि हिंदू समाजालाही उमगली नाही. बाप्तिस्म्यावाचून शिष्य कसा, हा एकांचा प्रश्न. आणि हे धर्मांतराचे नवे जाळे तर नाही, हा दुसऱ्यांचा. आज मागे वळून पाहताना या कल्पनेचे धाडस कळते. बावीस वर्षांपूर्वी स्वतःला ज्या दारातून आत यायला सगळे सोडावे लागले, ते दार टिळक इतरांसाठी रुंद करून ठेवायला निघाले होते. आपल्या घराने भोगलेले ते दुसऱ्याच्या घराने भोगू नये, असे त्यांच्या मनात असेल का? त्यांनी तसे कुठे म्हटल्याचे माझ्या वाचनात नाही. पण लक्ष्मीबाईंबरोबर एवढी वर्षे काढलेल्या माणसाला ते सुचले असेल, असे मानायला मला आवडते.

पगार सुटला, त्याची झळ अर्थात पुन्हा घरालाच लागली. भाजी कशी आणायची हा प्रश्न दरबाराच्या विषयपत्रिकेत नसतो.

या नव्या वाटेवर टिळकांना जेमतेम पावणेदोन वर्षे मिळाली. प्रकृती ढासळत गेली आणि ९ मे १९१९ रोजी मुंबईत जे. जे. रुग्णालयात त्यांचा अंत झाला. सत्तावन्न वर्षांचे आयुष्य. दरबार त्यांच्यामागे फार टिकला नाही. ‘ख्रिस्तायन’ हे ओवीबद्ध ख्रिस्तचरित्र त्यांनी लिहायला घेतले होते, त्याचे दहा-साडेदहा अध्याय तेवढे झालेले होते.

इथे बहुतेक चरित्रे संपतात. मला मात्र पुढचा भाग सांगितल्याशिवाय राहवत नाही, कारण हाक देवाची असली तरी काम पुरे कुणी केले ते त्यात आहे. लक्ष्मीबाई पन्नाशीच्या. शाळेत गेलेल्या नाहीत, लिहायला-वाचायला शिकल्या त्या नवऱ्याकडून, तेही त्याच्या रागलोभाच्या फटीफटीतून. त्यांनी मुंबईत वसतिगृहाची नोकरी पत्करली, मुलाबरोबर कराचीला जाऊन राहिल्या, नाशकाला परत आल्या. आणि नवऱ्याने अर्धवट टाकलेल्या ‘ख्रिस्तायना’चे पुढचे चौसष्ट अध्याय लिहून काढले. दहा त्याचे, चौसष्ट तिचे. प्रमाण पाहा. १९३३ मध्ये नाशकात भरलेल्या कविसंमेलनाच्या त्या अध्यक्षा झाल्या. १९३४ पासून ‘स्मृतिचित्रे’ भागाभागाने प्रसिद्ध होऊ लागली, आणि २४ फेब्रुवारी १९३६ रोजी त्या गेल्या.

‘स्मृतिचित्रां’त नवऱ्याची एकही खोड त्यांनी लपवलेली नाही. त्याला देव केले नाही, त्याचा सूडही घेतला नाही. त्याच्या ईश्वरनिष्ठेबद्दल त्यांना अखेरपर्यंत आदर होता आणि त्याच्या व्यवहाराबद्दल अखेरपर्यंत हसू होते. त्यांच्या लेखी या दोन गोष्टींत विरोध नव्हता. आज टिळक आपल्याला हाडामांसाचे दिसतात ते या हसण्यामुळे. नाहीतर ते मिशनच्या पुस्तकातले एक सोज्वळ चित्र होऊन राहिले असते.

गेल्या आषाढात पालखी गावात आली तेव्हा मी ओट्यावर बसलो होतो. शेजारच्या तंबूत एक मध्यमवयीन वारकरी मोबाइलवर घरी बोलत होता. पेरणी झाली का, बियाणे पुरले का, धाकट्याचा ताप उतरला का, असे एकामागून एक प्रश्न विचारत होता. बोलणे संपल्यावर त्याने टाळ उचलले आणि कीर्तनाला गेला. आमच्या आजोबांना हे सुचले नसते, आणि सुचले असते तरी त्या काळी फोन कुठे होता!

आजीने पंढरपूर पाहिले ते आजोबा गेल्यावर. पायी नव्हे, एस. टी.ने, माघ महिन्यात, रब्बीची कामे हातावेगळी झाल्यावर. मी तिच्याबरोबर होतो. चार तास रांगेत उभे राहून पायावर डोके टेकवून ती बाहेर आली, तेव्हा मी तिला विचारले की देवाजवळ काय मागितलेस. मागायला वेळच कुठे मिळाला, ढकलून दिले पुढे, असे म्हणून ती नामदेव पायरीच्या बाजूला सावली बघून बसली. मग पिशवीतली भाकरी सोडली आणि शेजारी बसलेल्या अनोळखी बाईच्या हातावर अर्धी ठेवली.